एलईडी बसवल्यापासून इंडिकेटर पळतो, बॅटरी उतरते: मॉड्यूल बदलण्याआधी अर्थची जोडणी मोजा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: २०१३ची डिझेल हॅचबॅक. मे महिन्यात चिपळूणला एका दुकानातून एच४ (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये) एलईडी, रिलेचं (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचचं) तयार वायरिंग आणि बंपरला डीआरएलच्या, म्हणजे दिवसा पेटणाऱ्या दिव्यांच्या, पट्ट्या बसवून घेतल्या. तेव्हापासून डिपर लावला की डावा इंडिकेटर मंद होऊन भराभर लुकलुकतो, अप्परचा निळा दिवा मीटरवर पेटत नाही, एफएमवर खरखर येते आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून बॅटरी नवी टाकली, फरक पडला नाही. आता वर्कशॉपवाले बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-लॉक सांभाळणारा गाडीतला छोटा कंप्युटर, बदलायला सांगतायत.

मॉड्यूल बदलू नका, निदान आत्ता तरी नको. चारही लक्षणं एकाच दिवशी सुरू झाली म्हणून त्यांचं कारणही एकच असेल, असं धरून सगळे मोठा पार्ट शोधत बसलेत. पण त्या दिवशी तुमच्या गाडीत तीन वेगवेगळ्या जोडण्या झाल्या. माझ्या मते हे चार वेगळे बिघाड आहेत आणि गाडीचा एकही मूळ पार्ट गेलेला नाही. गडबड नव्या सामानात आणि त्याच्या जोडांमध्ये आहे, आणि जोड तपासायचा तर लाइट चालू ठेवून, करंट वाहत असतानाच तपासावा लागतो.

जोडाबद्दल मी इतकं का बोलतो ते सांगतो. २०११ साली मी माझ्या गाडीला १००/९० वॅटचे हॅलोजन टाकले होते, रिले न लावता. कशेडी घाट रात्री उतरताना जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि दोन्ही लाइट एकदम गेले. वळणावर, पावसात. हॅझार्ड लावून अंदाजानेच गाडी कडेला घेतली. फ्यूज काढून पाहिले तर दोन्ही शाबूत. सकाळी स्टिअरिंगखालचा अप्पर-डिपरचा दांडा उघडला, तर आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट काळा पडलेला आणि त्याच्या भोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. हिशोब साधा आहे. १०० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला सव्वाआठ अँपिअर घेतो. दोन्ही बाजूंना वेगळे १५चे फ्यूज होते, त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. दांड्यातून मात्र दोन्हींचे मिळून सोळा-साडेसोळा अँपिअर जात होते. तिथे नुसते दीड व्होल्ट पडले तरी २४ वॅट उष्णता होते. घरात असते त्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, आणि ती मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत. फ्यूजला फक्त करंट कळतो, तापलेला जोड कळत नाही. म्हणून ‘फ्यूज उडाला नाही, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

आता तुमची गाडी. आधी ती मूळ रूपात आणा. नवं वायरिंग आणि डीआरएल, दोन्हींचे प्लस बॅटरीवरून सोडवा, जुने ६०/५५ वॅटचे हॅलोजन मूळ कपलरला (बल्बच्या वायरींच्या सॉकेटला) लावा, दोन दिवस तशीच वापरा आणि मग पूर्वीसारखी तीन दिवस उभी ठेवून बघा. हाच अर्ध्याहून जास्त तपास आहे. चारही तक्रारी गेल्या तर मॉड्यूलवरचा संशय तिथेच संपतो. मग आधी एलईडी, नंतर डीआरएल, असं एकेक परत जोडा आणि कशासोबत काय परत येतं ते लिहून ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट एकदा बघून घ्या. साधारण १३.८ ते १४.४ असतील तर अल्टरनेटरही यातून सुटला.

इंडिकेटरसाठी दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एलईडी लावलेले असताना, इंजिन चालू, डिपर चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर. फॅन आणि बेल्टपासून हात आणि वायरी लांब ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. लाल प्रोब डाव्या एलईडीच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या, वायरीवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्ध्याच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. मग डावा इंडिकेटर लावा आणि मीटरकडे बघत राहा. इंडिकेटरच्या प्रत्येक ठोक्याला आकडा वर जाऊन खाली येत असेल, तर हेडलाइट आणि इंडिकेटर एकाच खराब बोल्टवरून बॅटरीकडे परततायत. इंडिकेटरच्या बल्बला त्यामुळे व्होल्ट कमी मिळतात, करंट कमी जातो, फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) वाटतं एक बल्ब उडालाय आणि तो वेग वाढवतो. खात्री करायची तर एक जाड वायर घ्या, एक टोक त्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला धरा. इंडिकेटर तिथल्या तिथे सुधारला तर दोष सापडला.

इथे बहुतेक जण मीटर बीपवर ठेवून अर्थ तपासतात. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो. त्या धाग्यातून मीटरचा चिमूटभर करंट जाईल, हेडलाइटचा जाणार नाही. दुकानात ‘अर्थ ओके’ म्हणाले असतील ते बहुधा याच बीपवर.

तो बोल्ट उघडल्यावर काय दिसेल हेही सांगतो, कारण मी हे इतक्या वेळा पाहिलंय. लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली गाडीचा रंग जसाच्या तसा असतो. बोल्ट रंगावरच आवळलेला, करंट फक्त आट्यांमधून जातो. आणि चिपळूणच्या एका पावसाळ्यानंतर त्या आट्यांवर गंज आणि तांब्यावर हिरवी बुरशी. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग काढा, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीला नीट दाबलेला गोल लग लावा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. शक्य असेल तर नव्या वायरिंगचा अर्थ थेट बॅटरीच्या मायनसलाच न्या.

निळ्या दिव्याचं कारण अगदी वेगळं आहे. जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांत एच४ला प्लस थेट मिळतो आणि दांडा मायनसची बाजू जोडतो. त्यातल्या काहींत निळ्या दिव्याचा करंट न पेटलेल्या डिपरच्या फिलामेंटमधून येतो. आता तिथे फिलामेंट नाही, रिलेची कॉइल आहे. तिच्यातून जाणाऱ्या बारीक करंटवर तो दिवा पेटत नाही. तपासणं सोपं आहे. तयार वायरिंगला सहसा एकाच बाजूचं मूळ कपलर लागतं, दुसरं मोकळं लटकत असतं. त्या मोकळ्या कपलरला जुना हॅलोजन लावा, काचेला हात न लावता आणि प्लास्टिकपासून लांब धरून, आणि अप्पर द्या. निळा दिवा पेटला तर कारण हेच. मग तुमच्या गाडीच्या मायनस-स्विचिंगला चालेल असं वायरिंग किंवा ॲडॉप्टर लागेल, मॉड्यूल नाही.

बॅटरी उतरण्याबद्दल माझा संशय डीआरएलच्या छोट्या काळ्या डबीवर आहे. ती थेट बॅटरीला जोडतात आणि व्होल्ट १३च्या आसपास चढले की इंजिन चालू झालं असं ती समजते. म्हणजे तिला रात्रंदिवस जागं राहावं लागतं. चावी काढा, दरवाज्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडी लॉक करा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून बॅटरीच्या मायनसमध्ये सीरीजमध्ये जोडा आणि अर्धा तास थांबा. मध्ये चावी फिरवू नका, मीटर खराब होईल. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. २०० दिसले तर दिवसाला जवळजवळ पाच अँपिअर-अवर जातात. तीन दिवसांत चौदा-पंधरा. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली नसेल तर उरलेल्यावर डिझेल इंजिन फिरवणं अवघडच. मग डबीचा प्लस काढा आणि आकडा किती खाली येतो ते बघा. डबीच दोषी निघाली तर तिला प्लस चावी चालू असतानाच मिळेल अशा फ्यूजवरून द्या.

एफएमची खरखर एलईडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे तिला करंट पुरवणाऱ्या छोट्या सर्किटची. एकेक कपलर काढून कोणत्या बाजूची ते कळेल. ड्रायव्हर अँटेनाच्या वायरीपासून लांब बांधून किंवा फेराइटची कडी घालून थोडी कमी होते, पण ड्रायव्हरमध्ये फिल्टरच नसेल तर तो बल्ब बदलणं हाच उपाय.

तीन गोष्टी आजच बघा, पावसाचे दिवस आहेत. एलईडीचा पंखा मागे येतो म्हणून हेडलाइटचं रबरी झाकण कापलंय का, किंवा लावलंच नाही का? तसं असेल तर आत दमट हवा जाऊन रिफ्लेक्टर कायमचा काळवंडतो. आणि रिलेच्या पिना खाली तोंड करून आहेत का? वर तोंड असेल तर रिले पाण्याची वाटी होतो. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेकडे जाणाऱ्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे ना, तेही बघा. नसेल तर गाडी चालवण्याआधी लावा. ही वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर थेट आग लागते. आणि मॉड्यूलच्या वायरींवर जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प कुणालाही लावू देऊ नका. तो जितका करंट ओढतो तेवढ्याने चांगलं मॉड्यूल खरंच जाऊ शकतं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एच४च्या डिपर फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश खाली कापला जातो. बऱ्याच एलईडींत ती जागा नेमकी जुळत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला क्षणभर रस्ता दिसत नाही. रिलेचं वायरिंग नीट करून त्यावर ६०/५५चेच चांगले हॅलोजन लावून बघा. हॅलोजनला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. जुन्या वायरिंगमध्ये तुमचा उजेड कदाचित तिथेच जात असेल.

मला तीन आकडे कळवा: डाव्या अर्थवरचे व्होल्ट इंडिकेटर बंद असताना आणि चालू असताना, आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावरचे मिलिअँपिअर डीआरएलची डबी जोडून. वर्कशॉपला तोपर्यंत थांबायला सांगा.