मिसळ आणि मिसळले

कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळी सुट्टीतल्या नाट्यशिबिराची सुरुवात जीभ वळवणाऱ्या वाक्यांनी करावी का, असे तू विचारले आहेस. अवश्य करावी, मात्र पहिल्याच दिवशी वेगाची शर्यत लावू नये.

आधी जीभ नेमकी कुठे अडते, ते स्वतःच्या तोंडात पाहून घे. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे लहानपणी तूही म्हटले असशील. भोगीला राळ्याचा भात करणाऱ्या आपल्या भागात मूठभर राळे आणून मुलांना दाखवताही येतील. ‘र’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागच्या हिरडीला जेमतेम शिवते, ‘ळ’साठी तेच टोक मागे वळून टाळूला लागते आणि पुढे झटकले जाते, आणि त्याच त्या स्वरांवर ही ये-जा चालल्यामुळे जिभेला विसावा म्हणून मिळत नाही. खरी परीक्षा शेवटच्या शब्दात आहे. ‘मिसळ’ म्हणताना कोल्हापुरात कोणी अडखळत नाही. पण ‘मिसळले’मध्ये ‘ळ’ला लागूनच ‘ल’ येतो आणि भलेभले ‘मिसल्ले’ म्हणून मोकळे होतात. ‘चटईला टाचणी टोचली’ यातला ‘च’ चमच्यातला आहे, चहातला नव्हे, हेही मुलांच्या कानांना कळू दे, कारण आपल्या लिपीत दोन्हींचे अक्षर एकच आहे.

‘कच्चा पापड, पक्का पापड’ची गोष्ट वेगळी. तेथे एकही ध्वनी अवघड नाही, घोटाळा क्रमाचा आहे. एक शब्द तोंडात असतानाच पुढच्याची जुळवाजुळव सुरू झालेली असते, म्हणून पापडातला ‘प’ आधीच घुसतो आणि ‘पच्चा’ होतो. मग म्हणणारा स्वतःच सर्वांच्या आधी हसतो. या खेळाची गोडी मला तेथेच दिसते: जन्मभर मराठी बोललेली आजी आणि पहिलीतला नातू एकाच शब्दावर घसरतात, आणि त्यात कोणाचीच अक्कल काढली जात नाही.

नटाला याचा उपयोग काय, हे मुले विचारतीलच. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, त्या काळी ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावा लागे. नुसता आवाज चढवून ते साधत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजने बुडतात. म्हणून प्रत्येक वाक्य प्रथम सावकाश, जवळजवळ कुजबुजत म्हणवून घे. अक्षर स्वच्छ आले की मगच वेग वाढव.

एक गोष्ट मनात सलते, ती सांगतो. शिकवायला लागलो तेव्हा बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाला मी सर्वांसमोर ‘कच्चा पापड’ दहा वेळा घाईने म्हणायला लावले. वर्ग हसला, आणि तो मुलगा पुन्हा आला नाही. तुझ्या शिबिरात असे मूल असेल, तर सर्वांनी मिळून एका सुरात म्हणा. त्याला एकट्याला उभे करू नकोस.

शिबिरापूर्वी ‘ळ’ आणि ‘ल’ शेजारी येतील असे एक नवे वाक्य तू स्वतः रच आणि मला लिहून पाठव. मी ते रंकाळ्यावर सकाळी फिरताना मोठ्याने म्हणून पाहीन.

तुझा,
सर