कर्ज काढून कुणाला निघू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

खाऱ्या पाण्याने शेत नासलेल्या कुटुंबाला बाहेरगावच्या कामाची वाट दाखवणे म्हणजे गाव ओस पाडायला हातभार लावणे नव्हे का, हा तुझा प्रश्न मला अस्वस्थ करून गेला. पण माणसे आपल्या परवानगीसाठी थांबत नाहीत. हवामान बदलामुळे २०५० पर्यंत २१.६ कोटींपर्यंत लोक आपापल्या देशांतच स्थलांतर करू शकतील आणि वेळीच पावले उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल, असे जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. तेव्हा बांध-बंधारे, बियाणे यांचे काम चालूच ठेव; पण जो निघालाच आहे, त्याला कर्ज काढून निघू देऊ नकोस.

दलाल उचल हातावर ठेवतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि ओळखपत्र ‘सांभाळायला’ म्हणून स्वतःकडे ठेवून घेतो. मग मजुरी किती आणि परत कधी जायचे, हे तोच ठरवतो. घरी पाठवलेला पैसा आधी व्याजात जिरतो आणि छप्पर उंच करायचे राहून जाते. काम मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातच नमूद केले आहे. मी काही जगावेगळे मागत नाही.

तू म्हणशील, कर्ज नाही तर प्रवासखर्च कुठून आणायचा? अरे, तेच तर आपले काम आहे! ज्यांच्यापाशी काहीच नाही ते संकटातच अडकून पडतात, म्हणून वाटखर्चाला अनुदान मिळव, बचतगटाचा निधी उभा कर. माझ्या या अटीपायी काही कुटुंबे हंगामभर खोळंबली, मला हट्टी म्हटले गेले, आणि त्या कुटुंबांची खंत मला आजही आहे. तरीही अट सोडणे मला मान्य नाही, कारण उचल घेऊन गेलेल्यांना ती फेडण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच दलालाकडे जाताना मी पाहिले आहे.

परदेशातून पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षातली सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास रेंगाळते आहे. म्हणून दर आधीच ताडून पाहा, आणि मागे राहणाऱ्या बाईच्या नावाने खाते तो निघण्यापूर्वीच उघडून दे. येत्या आठवड्यात त्या कुटुंबासमोर बसून मजुरीचा करार मोठ्याने वाच, आणि त्यात उचलीचा उल्लेख सापडला, तर सही होण्याआधी मला कळव.