शिन फेन, बंदूक आणि मतपेटी: वाचकांचे प्रश्न

आयर्लंडवर काही लिहिलं की पत्रं येतात आणि त्यातल्या निम्म्यांत एकच समजूत असते: बंदूकवाले एके दिवशी शहाणे झाले आणि निवडणुकीला उभे राहिले. म्हणून या वेळी फक्त शिन फेनवरचे प्रश्न घेतले आहेत. ब्रिटनकडे असलेला उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेतलं स्वतंत्र आयर्लंड एक व्हावेत, असं म्हणणारा हा पक्ष.

प्रश्न: शिन फेन आणि आयआरए एकच ना?

नाही. एक राजकीय पक्ष, दुसरी त्याच ध्येयासाठी ब्रिटनशी लढलेली सशस्त्र संघटना, आयरिश रिपब्लिकन आर्मी. माणसं मात्र बरीचशी त्याच गल्ल्यांतली. शिन फेनचे नेते मार्टिन मॅगिनेस यांनी आपण डेरी शहरात आयआरएमध्ये होतो हे जाहीरपणे मान्य केलं. पक्षाचे दुसरे नेते जेरी ॲडम्स यांनी आपण आयआरएत होतो हे कायम नाकारलं आहे. याच ॲडम्सनी २०२५ मध्ये बीबीसीविरुद्धचा बदनामीचा खटला डब्लिनमध्ये जिंकला आणि १ लाख युरो भरपाई मिळवली. त्यांच्याबद्दल ऐकीव काही छापणार असाल, तर आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: १९९८च्या गुड फ्रायडे करारात शिन फेनने शस्त्रं टाकली आणि लोकशाही स्वीकारली, असं क्लासच्या नोट्समध्ये आहे. परीक्षेत हेच लिहू का?

नका लिहू. पैसे घेऊन विकलेल्या या नोट्सनी माझं डोकं उठवलं आहे. एका ओळीत तीन चुका आहेत.

शस्त्रं पक्षाकडे नव्हतीच, आयआरएकडे होती. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवण्याचा हा करार झाला १० एप्रिल १९९८ रोजी. शस्त्रं निकामी झाल्याची घोषणा झाली २६ सप्टेंबर २००५ रोजी. ती केली कॅनडाचे जनरल जॉन द शॅस्टलेन यांनी. साक्षीला एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू होते. फोटो मात्र आयआरएने काढू दिले नाहीत, आणि पुढे त्यावरूनही वाद झाला.

आता तिसरी चूक. निवडणुकीची वाट त्यांनी १९९८च्या कितीतरी आधी धरली होती, आणि धरली तेव्हा बंदूक हातातच होती.

एप्रिल १९८१. आयआरएचा कैदी बॉबी सँड्स उत्तर आयर्लंडमधल्या मेझ तुरुंगात उपोषणाला बसलेला. फर्मानाह आणि साउथ टायरोन मतदारसंघात ब्रिटिश संसदेची पोटनिवडणूक लागली आणि कैद्यांचा उमेदवार म्हणून त्याचं नाव पुढे आलं. मतं पडली ३०,४९२. प्रतिस्पर्धी हॅरी वेस्ट यांना २९,०४६. खासदार झाल्यावर २६ दिवसांनी, ५ मे रोजी, तो तुरुंगात मेला. सरकारने घाईघाईने कायदा बदलून अशा कैद्यांच्या उमेदवारीवर बंदी घातली. मग ऑगस्टमध्ये त्याच जागेवर सँड्सचा निवडणूक प्रतिनिधी ओवेन कॅरन उभा राहिला आणि तोही जिंकला. मतं मिळतात, हे पक्षाला तेव्हा कळलं. त्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात डॅनी मॉरिसन यांनी विचारलं की एका हातात मतपत्रिका आणि दुसऱ्या हातात आर्मलाइट रायफल घेऊन सत्ता मिळवली, तर कोणाची हरकत आहे? रायफल खाली ठेवण्याची भाषा यात कुठेही नाही. १९८३ मध्ये ॲडम्स वेस्ट बेलफास्टमधून खासदार झाले. पुढच्याच वर्षी आयआरएने ब्रायटनमध्ये थॅचर उतरल्या होत्या त्या हॉटेलात बॉम्ब उडवला.

१९८६ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पक्षाच्या अधिवेशनात मतदान झालं: आयरिश संसदेत, म्हणजे डॉलमध्ये, निवडून आल्यास बसायचं का? आयर्लंडच्या फाळणीतून निघालेली म्हणून ती संसदच रिपब्लिकनांना, म्हणजे शिन फेन-आयआरएच्या गोटाला, अमान्य होती. ठरावाच्या बाजूने ४२९, विरोधात १६१. जुने अध्यक्ष रुअरी ओ ब्रॅडी आपली माणसं घेऊन सभागृहातून बाहेर पडले. मॅगिनेस यांनी त्याच व्यासपीठावरून ग्वाही दिली होती की युद्ध चालूच राहील. आणि फळ काय? १९८७च्या निवडणुकीत दोन टक्केही मतं नाहीत. त्याच नोव्हेंबरमध्ये एनिस्किलन इथे युद्धस्मारकापाशी जमलेले ११ जण आयआरएच्या बॉम्बने मेले. दक्षिणेतला मतदार असल्या पक्षाला कशाला जवळ करेल? या ठरावानंतर डॉलमध्ये पहिली जागा मिळायला १९९७ उजाडलं.

आयआरएने ऑगस्ट १९९४ची आपली युद्धबंदी फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलँड्समध्ये स्फोट करून मोडली आणि जुलै १९९७ मध्ये पुन्हा लागू झाली. माझ्या मते खरी अवघड पायरी जानेवारी २००७ची: उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना पाठिंबा देण्याचा शिन फेनचा ठराव. ज्या यंत्रणेवर वर्षानुवर्षं गोळ्या झाडल्या, तिलाच तक्रारी द्यायला आपल्या लोकांना सांगायचं होतं. तो ठराव झाला म्हणूनच मे महिन्यात मॅगिनेस आणि ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्यांचे कडवे नेते इयन पेझ्ली उत्तर आयर्लंडच्या एका सरकारात बसले.

तेव्हा हृदयपरिवर्तन वगैरे लिहू नका. परीक्षेत किती तपशील अपेक्षित आहे, ते नेमलेलं पुस्तक पाहून आणि शिक्षकांना विचारून ठरवा.

प्रश्न: निवडून येऊनही यांचे खासदार लंडनच्या संसदेत का बसत नाहीत?

राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून. २०२४ मध्ये ७ जण निवडून आले. तेही बसत नाहीत.

प्रश्न: सोमवारी प्रबंधाचं प्रकरण द्यायचं आहे. शस्त्र सोडण्याची कारणं थोडक्यात सांगाल?

सोमवार काही अचानक उगवलेला नाही. थोडक्यात: लष्करी कोंडी दोन्ही बाजूंना कळून चुकली होती, हिंसा चालू असताना मतं एका मर्यादेपुढे जात नव्हती, एसडीएलपी या हिंसेविरोधी आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे जॉन ह्यूम ॲडम्सशी बोलत राहिले, आणि क्लिंटननी १९९४ मध्ये ॲडम्सना व्हिसा दिला. यातलं वजन कशाला किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अल्स्टर विद्यापीठाचा 'केन' संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. तो उघडा, आणि मुदतवाढीसाठी आजच मार्गदर्शकांना भेटा.

प्रश्न: मुलगी डब्लिनला नोकरी करते, भारतीय पासपोर्ट आहे. तिला तिथे मत देता येतं का? बेलफास्टला भिंतींवरची चित्रंही पाहायची आहेत. टूरवाला म्हणतो व्हिसा लागत नाही, सगळे जातात.

स्थानिक निवडणुकीत देता येतं, नाव नोंदवायला हवं. डॉलसाठी नाही. आणि टूरवाल्याचं ऐकू नका. सीमेवर चौकी नाही म्हणजे कायदा नाही असं नव्हे; बेलफास्ट ब्रिटनच्या अखत्यारीत येतं. तिच्या परवान्यावर जाता येतं का, हे ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून मगच तिकीट काढा.

प्रश्न: आता शिन फेनच्या मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या सरकारात फर्स्ट मिनिस्टर आहेत. म्हणजे आयर्लंड एक होणार?

त्या पदावर त्या फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्या, पण डेप्युटी फर्स्ट मिनिस्टरचे अधिकार त्यांच्याइतकेच असतात. एकीकरणाचं सार्वमत त्या पुकारू शकत नाहीत. बहुमत अनुकूल दिसतंय असं वाटलं तर ते ब्रिटिश मंत्र्याने पुकारायचं असतं आणि एकदा घेतलं की पुढची सात वर्षं दुसरं नाही. तारीख सांगणारे व्हिडिओ बंद करा आणि कराराचा मजकूर वाचा.

प्रश्न: गुड फ्रायडे करारामुळे जुने गुन्हे माफ झाले का? मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांशी बोलून लिहायचं आहे.

नाही. ४००हून अधिक कैदी मुदतीआधी सुटले, पण अटींवर. अट मोडली तर पुन्हा आत. ज्यांना आयआरएने मारून गुपचूप पुरलं, त्यांचे अवशेष शोधायला १९९९ मध्ये आयोग नेमला, आणि काहींचे अजून सापडलेले नाहीत. त्या कुटुंबांना थेट फोन करू नका. बेलफास्टचं 'वेव्ह' ट्रॉमा सेंटर या कुटुंबांसोबत काम करतं, आधी त्यांना विचारा.