स्टिकरखालची तारीख

पत्र: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलीच्या लग्नाआधी अलकापुरीतल्या एका दुकानातून मी सनस्क्रीनची एक ट्यूब, सीरमच्या दोन बाटल्या आणि काही शीट मास्क घेतले. त्या दुकानात फक्त कोरियन प्रसाधनं मिळतात. यूपीआयने ६,३४० रुपये दिले. पक्कं बिल मिळालं नाही, चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. आठवड्याभरात मुलीच्या गालांवर लाल चट्टे उठले. ट्यूबवरचा आणि एका बाटलीवरचा स्टिकर सोलून पाहिला, तर खाली दोन्हींवर २०२४ सालच्या तारखा निघाल्या. स्टिकरवर मात्र २०२७पर्यंतची मुदत लिहिलेली. दुकानदार म्हणतो, सील फोडलेला माल परत घेत नाही, माल आम्ही बनवत नाही, कोरियाच्या कंपनीला विचारा. मुलीने हे इन्स्टाग्रामवर लिहिलं, त्यावर तो बदनामीची पोलीस केस करू म्हणतो. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, सर्वांत आधी, सीरमची दुसरी बाटली फोडू नका आणि तिच्यावरचा स्टिकरही सोलू नका. खोका, सोललेला कागद, ती चिठ्ठी आणि यूपीआयचा संदेश एका पाकिटात घालून ठेवा. तुमचं सगळं प्रकरण त्या पाकिटात आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले आणि कोरियन वाचता येणाऱ्या एका मुलीकडून तारखा वाचून घेतल्या. कोरियन वेष्टनावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस छापतात आणि तारखेजवळ बहुधा एक छोटा शब्द असतो. तो शब्द 'जेजो' असेल, तर ती माल बनवल्याची तारीख. 'क्काजी' असेल, तर तिचा अर्थ 'इथपर्यंत', म्हणजे वापराची शेवटची तारीख. तुमच्या सनस्क्रीनवर २०२४.०९.१२च्या शेजारी 'जेजो' आहे. सप्टेंबर २०२४मध्ये बनलेल्या, न उघडलेल्या ट्यूबला तीन वर्षांची मुदत असणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे स्टिकरवरचं सप्टेंबर २०२७ खोटं म्हणता येत नाही. इथे तुमची चूक झाली आहे आणि हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण समोरचा वकील हेच पहिल्यांदा दाखवेल आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडेल.

सीरमचं तसं नाही. तिथे २०२४.११.२०च्या शेजारी 'क्काजी' आहे. मुदत संपून गेली होती आणि कोणीतरी तिच्यावर २०२७चा कागद चिकटवला. लग्नघरातल्या मुलीच्या चेहऱ्याला हा माल लागला, हे वाचून मला फार राग आला. तक्रार फक्त या सीरमची करा, पण ती पूर्ण ताकदीने करा. ग्राहक आयोगापुढे त्या अक्षरांचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागेल.

आता दुकानदाराचं 'कोरियाला विचारा'. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ८६मध्ये विक्रेत्याची जबाबदारी कधी येते ते सांगितलं आहे. माल बनवणारा कोण हे माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा त्याला भारताचा कायदा लागू नसेल, तर मालामुळे झालेल्या इजेसाठी विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. कंपनी कोरियात आहे असं सांगून दुकानदार सुटत नाही, उलट ती जबाबदारी स्वतःच्याच गळ्यात घेतो. शिवाय मुदत बदललेला माल विकणं ही त्याची स्वतःची अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिथे कंपनीचा प्रश्नच येत नाही.

'वेचेलो माल पाछो लेवामां आवशे नहीं', म्हणजे विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते. त्याच कायद्याच्या कलम २(४७)नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं अनुचित आहे. बिलावर माल परत करण्याची मुदत लिहिली नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते. पाटी कायद्याच्या वर नाही. मात्र लिपस्टिकचा रंग आवडला नाही किंवा सीरम चिकट वाटलं, तर हे कलम कामाला येत नाही. ते फक्त सदोष मालासाठी आहे. बिल न देणंही याच कलमात अनुचित ठरवलं आहे. त्यामुळे बिल नाही म्हणून तुम्ही अडत नाही. खरेदी सिद्ध करायला यूपीआयची नोंद आणि त्यांच्या हातची चिठ्ठी पुरेशी धरता येईल.

स्टिकर पुन्हा नीट पाहा. आयात केलेल्या प्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि भारतात ते बाजारात आणणाऱ्याचं नाव-पत्ता असायला हवा. वेष्टित मालाच्या २०११च्या नियमांप्रमाणे मूळ देश आणि सर्व करांसह किंमतही हवी. तुमच्या फोटोत आयातदाराचं नाव कुठेच नाही. ही वेगळी तक्रार आहे, ती राज्याच्या अन्न व औषध नियंत्रण प्रशासनाकडे करा.

चट्ट्यांचं जरा जपून. एखाद्याच्या त्वचेला चांगला, मुदतीतला मालही सोसत नाही आणि तुमच्या मुलीने दोन्ही वस्तू एकत्र लावल्या होत्या. त्वचारोगतज्ज्ञाच्या कागदावर 'या सीरममुळे' असं स्पष्ट आलं नसेल, तर नुकसानभरपाईचा मोठा आकडा त्या चट्ट्यांवर उभा करू नका. सीरमची किंमत, डॉक्टरांचा आणि औषधांचा खर्च, आणि मनस्तापाची माफक रक्कम मागा. तपासणी हवीच असेल, तर औषधे व प्रसाधने कायद्याच्या कलम २६नुसार विकत घेणाऱ्यालाच शुल्क भरून नमुना सरकारी विश्लेषकाकडे देता येतो. राज्याची प्रयोगशाळा आपल्या बडोद्यातच आहे. पण माझं मत असं की, तारीख डोळ्यांनी दिसत असताना प्रयोगशाळेच्या मागे लागू नये. तपासणी नसलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी असलेल्या तक्रारीचा पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. प्रत्यक्षात दोन्हींना जास्त वेळ लागतो.

आधी दुकानाला स्पीड पोस्टाने साधी नोटीस द्या आणि पंधरा दिवसांची मुदत ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर वडोदरा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील करण्याची सक्ती नाही, आणि खरेदीपासून दोन वर्षांच्या आत जायचं. पैसे तुम्ही दिले आणि वापरलं मुलीने, याने काही बिघडत नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. तक्रारीवर दोघींची नावं घाला.

राहिली बदनामीची धमकी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खालचा हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवून मुलीला उचलून नेऊ शकत नाहीत, दुकानदाराला दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट ही बदनामी ठरत नाही. सीरमचे फोटो आणि तारखा खऱ्या आहेत, त्या राहू द्या. पण मुलीने त्याच पोस्टमध्ये सनस्क्रीनलाही जुना माल म्हटलं आहे आणि दुकानदाराला 'चोर'. पोस्टचा आत्ताचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ती दोन वाक्यं आजच काढा आणि सनस्क्रीनची तारीख वाचण्यात चूक झाली होती, असं तिथेच एका ओळीत लिहा.