चार हजारांचा गेम परवडतो का?

प्रश्न : मुलगा ४,००० रुपयांचा गेम मागतोय. पैसे वसूल होतील का? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : किमतीला तासांनी भागा, पण तास जाहिरातीतले नकोत, मुलगा खरोखर खेळेल तेवढेच धरा. ८० तास खेळला तर तासाला ५० रुपये, १० तासांत कंटाळला तर ४००! कन्सोलची (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राची) डिस्क असेल तर ती पुढे विकता येते. समजा १,५०० आले, तर हिशेब २,५०० वर करा. डिजिटल, म्हणजे डाउनलोड केलेली प्रत विकता येत नाही. मात्र संगणकासाठी ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतल्यास १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. म्हणून गेम अडखळतो का, ते पहिल्या तासातच बघा. ‘फुकट’ गेममध्ये मात्र आतल्या वस्तूंच्या खरेदीला पासवर्ड लावाच.