बाजारात सगळं मिळतं, मग घरी झाडं लावण्यात एवढं काय सुख असतं?

तुम्ही लिहिलंय की आई गावी गेली की दिवसदिवस झाडांत रमते, आणि तिला त्यात काय मिळतं ते तुम्हाला कळत नाही. तुमच्या आईचं मी कसं सांगू? माझं सांगते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरामागच्या सांदवाडीत बरबटी आहे, वाल आहे, कोहळ्याचा वेल दरवर्षी न विचारता कुडावर चढतो, गुलबाक्षी तर पेरावीही लागत नाही. हे सगळं मला आवडतं. पण खरं वेड लावलं ते काटवलानं, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या काटेरी रानभाजीच्या वेलानं; कुठे याला कर्टुलं म्हणतात.

माहेरच्या शेताच्या धुऱ्यावरून मी त्याचा एक कंद आणला आणि कुडाशी पुरला. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मला वाटलं, गेला कंद. मृगाचे दोन पाऊस झाले आणि तिथूनच तांबूस कोंब वर आला. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला हाताला धरून नेऊन तो दाखवला.

श्रावणात वेल पिवळ्या फुलांनी भरला, पण काटवल एकही नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. खत घातलं, राख टाकली. शेवटी शेजारची आजी आली, एक फूल उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "हा नर वेल व्हय बाई. याले जन्मात काटवल नाही लागनार."

पपईचं असं असतं हे माहीत होतं, वेलाचं असेल असं मनातही आलं नव्हतं. कोहळं, दोडका यांना नर-मादी फुलं एकाच वेलावर येतात ना! भाचा कृषीचं शिकतो. तो म्हणाला, याचं शास्त्रीय नावच मोमोर्डिका डायोइका, डायोइका म्हणजे दोन घरांचं. नर एका वेलावर, मादी दुसऱ्यावर. बी पेरलं तर निम्मे वेल नर निघतात, म्हणून फळ धरलेल्या वेलाचाच कंद आणायचा.

तसा आणला. मग फुलं बघायला बसले ती उठेचना. नर कळीला मागून हिरवं टोपडं असतं, बाळाला घालतात तसं. मादी फुलाच्या खाली मुगाएवढी काटेरी गोळी असते, म्हणजे अख्खं काटवल आधीच तयार, फक्त बारीक. फुलं उमलतात ती दिवेलागणीनंतर, आणि त्यांच्यावर पाखरं, म्हणजे पतंग, येतात तीही रात्रीचीच. पाखरांवर भरवसा न ठेवता मी बॅटरी घेऊन जाते. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधले पिवळे केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. तीन-चार दिवसांनी गोळी फुगली तर धरलं. पिवळी पडली तर गळणार. दहा-बारा दिवसांत भाजीला येतं. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो, तेव्हा माझा तो पहिला वेल आता कामाचा झालाय.

मादी वेल लावल्यावर पहिल्या वर्षी सात काटवलं निघाली. तेवढ्यात घरच्यांची भाजी होत नाही, म्हणून कांदा घालून वाढवली आणि एक वाटी आजीला नेऊन दिली. बाजारातलं काटवलही चवीला तेच असेल. पण यातलं प्रत्येक कोणत्या संध्याकाळी धरलं ते मला ठाऊक होतं.

यंदा कुडाच्या टोकाला एक वेल आपोआप उगवलाय, पिकून पडलेल्या काटवलाच्या बियांचा असावा. कळ्या आल्यात, अजून तांदळाएवढ्या. खाली गोळी आहे की मागे टोपडं, ते रोज सकाळ-संध्याकाळ वाकून बघते. अजून कळत नाही.