चूक पायलटची की यंत्राची?

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ पायलटचं ट्रेनिंग घेतोय. विमान पडलं की दोन दिवसांत ‘पायलटचीच चूक’ असं बोललं जातं. ते ऐकून आईची झोप उडते. गेलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या माथी मारतात का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, दोन दिवसांत जे कानावर येतं त्याला तपास म्हणत नाहीत, हे आधी आईंना सांगा. विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये माझी तीस वर्षं गेली. एक मीटर का अडकतं, हे शोधायलाच आम्हाला कधीकधी आठवडा लागायचा.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोर एक तबकडी असते, अर्धी आकाशाची, अर्धी जमिनीची. विमान किती कललंय ते तीच सांगते. त्या रात्री वळण संपवून विमान सरळ झालं, पण तबकडी उजवीकडे कललेलीच राहिली. बाहेर मिट्ट काळोख, खाली समुद्र, क्षितिजाचा पत्ता नाही. कॅप्टनने तबकडीवर भरवसा ठेवून विमान डावीकडे झुकवलं आणि झुकवतच नेलं. चौकशीत ठपका त्याच्या हाताळणीवर आला, पण तबकडी बिघडल्याचंही त्यातच नोंदलं गेलं. इतर यंत्रं बघून सावरता आलं असतं, असंही म्हटलं. आता ही चूक कोणत्या खात्यात टाकायची? मला तरी एकाच खात्यात टाकता येत नाही.

बोइंग ७३७ मॅक्सचंही तसंच. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एकाच सेन्सरच्या भरवशावर ठेवली होती. पहिल्या अपघातानंतर पायलटांकडेही बोटं दाखवली गेली. ही विमानं जगभर उड्डाण थांबवून जमिनीवर उभी करायला दुसरा अपघात व्हावा लागला. याची मला आजही चीड येते.

आंतरराष्ट्रीय नियमात तपासाचा हेतू स्पष्ट लिहिलाय : पुढचा अपघात टाळणं, कुणाला दोषी ठरवणं नाही.

भावाला माझा एकच निरोप द्या. उड्डाणात काहीही खटकलं, तर लॉगबुकमध्ये लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही. आमच्याकडे एकदा अशीच तबकडी आली होती. पायलटने एवढंच लिहिलं होतं, ‘वळताना किंचित थरथरते’. उघडली, तर आतलं बेअरिंग झिजलेलं.